रॅकेट बदलली की नेमकं काय बदलतं?

प्रश्न असा होता: मोठे टेनिसपटू रॅकेट बदलतात तेव्हा एखाद्याला नवी फ्रेम आठवड्याभरात मानवते आणि एखाद्याचे सहा महिने वाया जातात, असं का? आणि आपल्याला बदलायची असेल तर काय बघून बदलायची?

आधी एक गैरसमज दूर करू. टीव्हीवर दिसणारा रंग आणि आतली फ्रेम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनी दर दोन-तीन वर्षांनी नवं मॉडेल काढते, करारातल्या खेळाडूच्या हातात त्याच रंगाची रॅकेट दिसावी लागते, पण खेळाडूला जुनाच साचा हवा असतो. मग जुन्या साच्याची फ्रेम नव्या रंगात रंगवून दिली जाते. अँडी मरेच्या हातात वर्षानुवर्षं हेडच्या ‘रॅडिकल’चा रंग दिसायचा, आत होती जुन्या ‘प्रो टूर’च्या साच्यातली फ्रेम. इव्हान लेंडलने करार बदलले, रॅकेटवरचं नाव बदललं, पण फ्रेमचा वंश तोच राहिला. त्यामुळे ‘अमक्याने नवी रॅकेट घेतली आणि जिंकायला लागला’ हे वाचलं की आधी विचारायचं: फ्रेम बदलली की नुसता रंग?

खरोखर फ्रेम बदलते तेव्हा हाताला जाणवणाऱ्या गोष्टी मोजक्याच असतात: वजन, तोल (वजन मुठीकडे आहे की शेंड्याकडे), स्विंगवेट, पात्याचा म्हणजे तारा ओढलेल्या भागाचा आकार, फ्रेमचा कडकपणा, तारांची जाळी आणि मुठीचा आकार. यातल्या स्विंगवेटवर आणि चेंडू तारांवरून कोणत्या कोनात सुटतो त्यावर सगळं ठरतं. या दोन गोष्टी जुन्या रॅकेटसारख्या राहिल्या तर बाकीचे फरक हात पंधरा दिवसांत पचवतो. या दोनच बिघडल्या तर रॅकेट कितीही चांगली असो, खेळाडूची वेळ चुकते आणि चेंडूची लांबी हरवते.

स्विंगवेट म्हणजे रॅकेट फिरवताना ती किती जड लागते. तराजूवरचं वजन वेगळं. मुठीच्या टोकापासून १० सेंटिमीटरवर आस धरून हे मोजतात, एकक किलोग्रॅम-वर्ग सेंटिमीटर. बाजारातल्या बहुतेक रॅकेट तारांसकट ३१० ते ३३० च्या आसपास येतात. व्यावसायिक पुरुष खेळाडू बरेचदा त्याच्याही वर खेळतात. खेळाडूचा मेंदू वर्षानुवर्षं एकाच स्विंगवेटवर वेळ शिकलेला असतो. त्यात दहा-बाराची वाढ झाली की बॅकहँड उशिरा येतो; पहिल्या तासात नाही, तिसऱ्या सेटमध्ये, पाय जड झाल्यावर. उलट स्विंगवेट कमी झालं की पहिल्या दिवशी रॅकेट फारच चपळ वाटते, मजा येते, आणि मग समोरून जोरात आलेल्या चेंडूपुढे ती डगमगते. व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारलेला फटका) जाळ्याच्या अलीकडे मरते. खेळाडू नकळत मूठ आवळतो आणि महिन्याभराने कोपर दुखायला लागतं. म्हणून नवी रॅकेट सरावाच्या सुरुवातीला तपासू नये, दीड तास खेळून झाल्यावर तपासावी.

आता कोन. बेसलाइनपासून जाळं ११.८९ मीटरवर आहे. चेंडू तारांवरून फक्त १ अंश वर सुटला तर जाळ्यावरून जाताना तो सुमारे २१ सेंटिमीटर उंच असतो. फटका तोच, ताकद तीच, आणि चेंडू बाहेर. १८ उभ्या आणि २० आडव्या तारांच्या घट्ट जाळीवरून चेंडू सपाट सुटतो. १६ × १९ च्या मोकळ्या जाळीत तारा सरकतात, परत जागेवर येतात, चेंडूला फिरकी जास्त मिळते आणि तो वर सुटतो. घट्ट जाळीवर वाढलेल्या खेळाडूला मोकळी जाळी दिली की पहिले चार दिवस चेंडू बेसलाइनच्या पलीकडे पडतात. तो घाबरून हात आखडता घेतो, रॅकेटचा वेग कमी होतो, फिरकी आणखी कमी होते आणि चेंडू आणखी लांब जातो. यावर उपाय म्हणजे सुरुवातीलाच ताण १ ते १.५ किलोने वाढवून गटिंग करायचं, म्हणजे तारा ओढून घ्यायच्या, आणि हाताला पूर्ण वेगाने फटका मारू द्यायचा. वेग जमला की ताण अर्ध्या-अर्ध्या किलोने खाली आणता येतो.

फेडररचं उदाहरण यासाठी सगळ्यात बोलकं आहे. तो विल्सनच्या ९० चौरस इंचाच्या पात्याने खेळत होता, तेही अशा काळात जेव्हा बाकीचे ९५ ते १०० वर होते. २०१३ मध्ये विम्बल्डनला दुसऱ्या फेरीत हरल्यावर तो हँबुर्ग आणि ग्श्टाड इथे ९८ चौरस इंचाच्या, काळ्या रंगाच्या प्रायोगिक फ्रेमने उतरला. हँबुर्गला देल्बोनिसकडून, ग्श्टाडला ब्रांड्सकडून हरला. पाठही दुखत होती. मग तो परत ९० वर आला आणि मोसम तसाच संपवला. खरा बदल मोसम संपल्यावर झाला: २०१४ च्या सुरुवातीला नव्या फ्रेमने ब्रिस्बेनला उतरला आणि त्याच वर्षी ९७ चौरस इंचाची ‘आरएफ ९७’ बाजारात आली.

या दोन प्रयत्नांत फरक कशाचा होता? मला तरी उत्तर वेळात दिसतं. हंगामाच्या मध्यात पुरेसा सराव होत नाही. प्रत्येक चूक स्कोअरबोर्डवर दिसते आणि खेळाडू रॅकेटला दोष द्यायला मोकळा असतो. पण दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची. ‘आरएफ ९७’ तारांविना ३४० ग्रॅमची, तोल मुठीकडे, जाळी १६ × १९: म्हणजे जुन्या रॅकेटच्या जडपणाला हात लावलाच नाही. तारांचा जोडही तोच राहिला, उभ्या तारा नॅचरल गटच्या (जनावराच्या आतड्यापासून केलेल्या) आणि आडव्या पॉलिएस्टरच्या. बदलला तो मुख्यतः पात्याचा आकार आणि बीमची, म्हणजे फ्रेमच्या कडेची जाडी, जी २१.५ मिलिमीटर झाली. ९० वरून ९७ म्हणजे क्षेत्रफळ जवळपास ८ टक्के वाढलं, रुंदी साधारण ४ टक्के. पण पातं हातात वळण्याला जो विरोध करतं तो रुंदीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तोही ८ टक्क्यांच्या घरात. खांद्याच्या उंचीवर आलेला, मध्यापासून दोन बोटं बाजूला लागलेला टॉपस्पिन चेंडू एकहाती बॅकहँडने परतवताना हाच विरोध कामी येतो. २०१७ च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात नादालच्या उंच चेंडूंवर त्याचा बॅकहँड ज्या धीटपणे चालला, त्यात नव्या पात्याचा वाटा नक्कीच आहे. सगळं श्रेय रॅकेटला देणं मात्र चूक. तो चेंडू लवकर घेत होता, तेही तितकंच खरं.

पीट सॅम्प्रसची दुसरी बाजू. ८५ चौरस इंचाची विल्सन ‘प्रो स्टाफ’, त्यावर शिशाच्या पट्ट्या, आणि नॅचरल गट ३४ किलोच्या आसपास ताणून ओढलेलं. त्याने ती कारकिर्दीच्या शेवटपर्यंत सोडली नाही आणि मोठं पातं वेळेवर आजमावलं नाही याची खंत निवृत्तीनंतर बोलून दाखवली. त्याच्या सर्व्हिस-व्हॉलीला ती फ्रेम शोभत होती. मातीवर लांब रॅली खेळताना तेवढं लहान पातं महागात पडतं.

नादालची रॅकेट याच्या अगदी उलट: बाबोलाची ‘एअरोप्रो ड्राइव्ह’, १०० चौरस इंच, मोकळी जाळी, जाड पण वारा कापणारी बीम. त्याचा फटका खालून वर जातो, चेंडू तारांवर घासतो. अशा खेळाडूला फ्रेमने ताकद फुकट द्यावी लागते, कारण त्याचा जोर पुढे कमी आणि वर जास्त जातो. हीच फ्रेम सपाट मारणाऱ्याच्या हातात दिली तर चेंडू मागच्या पडद्यावर जाईल. कडक आणि जाड बीम म्हणजे चेंडू आदळताना फ्रेम कमी वाकते आणि ऊर्जा परत देते. मऊ आणि बारीक बीम वाकते, ऊर्जा खाते, पण सपाट मारणाऱ्याला लांबीवर ताबा देते. कडकपणा ‘आरए’ आकड्यात सांगतात: ६० च्या आसपास मऊ, ७० च्या आसपास कडक. कडक फ्रेम आणि कडक पॉलिएस्टर एकत्र आले की कोपर-खांद्याचं काम वाढतं, हे विसरू नये.

जोकोविच २००९ च्या सुरुवातीला विल्सन सोडून हेडकडे आला आणि पहिल्याच स्पर्धेत, ब्रिस्बेनला, पहिल्या फेरीत गुल्बिसकडून हरला. श्वियाँतेकने २०२० चं रोलाँ गॅरोस (फ्रेंच ओपन) प्रिन्सच्या रॅकेटने जिंकलं आणि २०२१ च्या सुरुवातीला टेक्निफायबरकडे गेली. त्याच वर्षी अॅडलेड आणि रोम जिंकलं. म्हणजे बदलाचा निकाल दोन्हीकडे लागू शकतो आणि पहिल्या स्पर्धेवरून काहीच ठरत नाही.

मुठीबद्दल फारसं कुणी बोलत नाही, आणि कंपनी बदलताना बरेच जण इथेच अडकतात. हेडची पारंपरिक मूठ चपटी, आयताकडे झुकणारी असते. इतर काही कंपन्यांची गोलाकडे. माप दोन्हीकडे सारखं, समजा सव्वाचार इंच, तरी आठ कडा हाताला वेगळ्या लागतात. खेळाडू पात्याचा कोन डोळ्यांनी पाहत नाही, तळहाताला लागणाऱ्या कडेवरून ओळखतो. कड दोन-तीन मिलिमीटर सरकली की सेमी-वेस्टर्न पकडीत (तळहात मुठीच्या काहीसा खाली ठेवून धरण्याच्या पद्धतीत) पातं किंचित उघडं राहतं आणि फोरहँड उडायला लागतो. दोष मग तारांना दिला जातो. म्हणून मोठ्या खेळाडूंच्या फ्रेमवर जुन्या मुठीचा साचा नव्याने ओतून घेतात. आपल्याला तेवढं जमत नसेल तरी कृत्रिम ग्रिप काढून चामड्याची लावता येते: कडा स्पष्ट लागतात आणि मुठीत दहाएक ग्रॅम वाढतात. एक ओव्हरग्रिप (ग्रिपवर गुंडाळायची पातळ पट्टी) घेर साधारण १/१६ इंचाने वाढवते आणि कडा बोथट करते. कडा हरवल्यासारख्या वाटत असतील तर दुसरी चढवू नका.

लांबीचंही थोडक्यात. नियमाने रॅकेट २९ इंचांपेक्षा लांब चालत नाही. नेहमीची २७ इंच. मायकेल चँगने १९९४ पासून २८ इंचाची वापरली, उंची कमी असल्याने सर्व्हिसला ती कामी आली. पण मुठीच्या टोकाला अर्धा इंच वाढला आणि हात तेवढा मागे गेला, तर ३२० ग्रॅमच्या रॅकेटचं स्विंगवेट १९-२० ने चढतं. म्हणून लांब रॅकेट हलकीच घ्यायची.

आता प्रत्यक्ष काम. जुन्या रॅकेटचे तीन आकडे तारा आणि ओव्हरग्रिपसकट लिहून ठेवा: वजन, तोल, स्विंगवेट. वजन स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर होतं. तोलासाठी रॅकेट पट्टीच्या कडेवर आडवी ठेवून ती जिथे स्थिर राहते ते मुठीच्या टोकापासूनचं अंतर मिलिमीटरपर्यंत मोजा. स्विंगवेटचं यंत्र नसेल तर झोक्याने काढता येतं. मुठीच्या टोकापासून १ सेंटिमीटरवर बारीक लोखंडी सळई आडवी, पात्याला समांतर, घट्ट बांधा. सळईची टोकं दोन टेबलांच्या कडांवर टेकवून रॅकेट मध्ये उलटी लोंबू द्या. पातं पुढे-मागे हलेल असा लहानसा झोका द्या, हाताच्या वीतभरापेक्षा मोठा नको, आणि २० पूर्ण (जाऊन परत येणाऱ्या) झोक्यांची वेळ घ्या.

समजा वजन ०.३३२ किलो, तोल ३२.२ सेंमी, २० झोक्यांना २७.५८ सेकंद. एक झोका १.३७९ सेकंदांचा. सळईपासून तोलबिंदू ३१.२ सेंमी. मग २४.८५ × १.३७९ × १.३७९ × ०.३३२ × ३१.२ = सुमारे ४८९.५ (२४.८५ हा गुरुत्वाकर्षणातून येणारा ठरलेला आकडा). यातून ०.३३२ × ३१.२ × ३१.२, म्हणजे ३२३.२, वजा करा: १६६.३. आता आस मुठीपासून १० सेंमीवर न्यायची, तिथून तोलबिंदू २२.२ सेंमी: ०.३३२ × २२.२ × २२.२ = १६३.६ मिळवा. स्विंगवेट ३३०. वेळ मोजण्यात एका झोक्यामागे एक शतांश सेकंद चुकला तरी उत्तर ७ ने हलतं, म्हणून मोबाइलवर व्हिडिओ काढून चौकटी मोजाव्यात, आणि २० पेक्षा कमी झोक्यांवर कधी भरवसा ठेवू नये.

आता नवी रॅकेट जुन्याशी जुळवायची. समजा ती ३१५ ग्रॅम, तोल ३२.८, स्विंगवेट ३१६ आहे. ३३०, ३३२ ग्रॅम आणि ३२.२ गाठायचंय. शिशाची पट्टी कुठे लावली तर काय होतं ते पाठ असलेलं बरं: पात्याच्या शेंड्याला, घड्याळाच्या १२ वर, १ ग्रॅमने स्विंगवेट जवळपास ३.४ वाढतं, ३ आणि ९ वर सुमारे १.८५, मुठीच्या टोकाला जेमतेम ०.१. क्रम नेहमी हाच: आधी पात्यावरून स्विंगवेट गाठा, मग मुठीतून वजन आणि तोल. ३ आणि ९ वर दोन-दोन ग्रॅम लावले की ७.४ मिळतात आणि पातं हातात वळणंही कमी होतं. १२ वर २ ग्रॅम लावले की ६.७. एकूण १४. वजन झालं ३२१. उरलेले ११ ग्रॅम मुठीच्या बुडाच्या टोपणात, टोकापासून १ सेंमीवर, कापसात नीट दाबून बसवा. तोल बरोबर ३२.२ वर येतो, स्विंगवेट ३३१.

अर्धा इंच रुंद पट्टी साधारण ५ सेंमीला १ ग्रॅम भरते, तरी काट्यावर तोलूनच कापा. पट्टी पात्याच्या आतल्या बाजूला, तारांच्या दोन्ही अंगांना सारखी चिकटवा. एका बाजूला जास्त झाली तर पातं कललेलं लागतं. शेंड्यावरची पट्टी बंपरखाली (शेंड्यावरच्या प्लास्टिकच्या कवचाखाली) गेली तर घासून निघत नाही. शिसं विषारी आहे: काम झाल्यावर हात साबणाने धुवा, किंवा टंगस्टनची पट्टी वापरा.

भर घालता येते, काढता येत नाही. म्हणून दोन-तीन रॅकेट एकसारख्या करायच्या असतील तर सगळ्यात जास्त स्विंगवेटची रॅकेट नमुना धरा आणि बाकीच्या तिच्यापर्यंत आणा. दुकानात एकाच मॉडेलच्या दोन रॅकेटमध्ये ५-७ ग्रॅमचा फरक सहज निघतो. मोठे खेळाडू सामन्याला सहा-आठ रॅकेट आणतात त्या ग्रॅम आणि मिलिमीटरपर्यंत जुळलेल्या असतात. तसं केलं नसतं तर तारा तुटल्यावर दुसरी उचलताच त्यांचा पुढचा गेम गेला असता.

तारा बदलणं हा रॅकेट बदलण्याइतकाच मोठा बदल आहे. अगासीने २००२ मध्ये पॉलिएस्टरवर जाऊन रोम जिंकलं, फ्रेम तीच असताना. नॅचरल गट किंवा मल्टीवरून (अनेक बारीक धाग्यांच्या मऊ तारेवरून) पॉलिएस्टरवर जाताना ताण १० टक्के कमी करा. ५८ पौंडांवर खेळत असाल तर ५२. आणि फ्रेम व तारा एकाच दिवशी बदलू नका. चेंडू लांब गेला तर दोष कुणाचा ते कळणारच नाही. नव्या फ्रेमवर जुन्याच तारा, जुन्याच ताणाने, पण त्याच दिवशी ओढलेल्या असाव्यात. जुन्या रॅकेटवर महिन्याभराच्या ढिल्या तारा आणि नवीवर ताज्या, अशी तुलना बरेच जण करतात. पॉलिएस्टर पहिल्या दिवसापासून ताण सोडतं. ती तुलना तारांची होते, फ्रेमची नाही.

चाचणी अशी घ्या. दोन्ही रॅकेटचे रंग झाकता आले तर उत्तम. निदान पंधरा-पंधरा मिनिटांनी अदलाबदल करा. आधी क्रॉसकोर्ट बॅकहँड, कारण वेळ चुकते ती तिथे आधी दिसते. मग दुसरी सर्व्हिस, कारण कोन बदललाय का ते तिथे कळतं: फिरकीची सर्व्हिस सारखी लांब पडत असेल तर जाळी किंवा ताण जुळलेला नाही. मग जाळ्याजवळ जोरात मारलेल्या चेंडूंवर व्हॉली; पातं हातात वळत असेल तर ३ आणि ९ वर भर हवी. स्लाइस (चेंडूला उलटी फिरकी देणारा कापीव फटका) शेवटी. स्लाइस तरंगत असेल आणि बाकी सगळं ठीक असेल तर फ्रेमला हात लावण्याआधी मूठ तपासा.

बदल पक्का झाला की सहा आठवडे जुनी रॅकेट बॅगेत ठेवू नका. पहिल्या वाईट सेटनंतर हात तिच्याकडे जातो आणि आधीचा सगळा सराव वाया जातो. बंपर घासून पातळ झाला की शेंड्याचा ग्रॅमभर आणि त्याबरोबर स्विंगवेटचे तीन-चार निघून जातात, म्हणून दर सहा महिन्यांनी झोका परत मोजा.